अंदमानची पाच बेटं की एकच

सोमवार, कार्तिक वद्य तृतीया

सकाळी बायकोला, सुमनला घेऊन वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो, पण माझं लक्ष देवाकडं कमी आणि तिच्या गुडघ्याकडं जास्त. चार पायऱ्या उतरताना तिनं दोनदा गुडघा धरला. मी बघतोय हे दिसताच हात काढून पदर सारखा केला. "तुम्ही व्हा पुढं. मला काय झालं नाय."

पुढच्या महिन्यात आम्हा तिघांची अंदमानची सहल ठरलीय. पन्नाशीला टेकली तरी समुद्र पाहिला नाही तिनं. आठ दिवसांत पाच बेटं. रॉसवर चढ आहे, जॉली बॉयला होडीतून पाण्यात उतरायचं. हॅवलॉकचा किनारा सगळ्यांत देखणा म्हणतात, पण बेट मोठं, सारखी गाडीत चढ-उतर. नील लहान आणि सपाट. गुडघ्यावरचा तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. दुखतंय म्हटलं तर घरी ठेवतील, म्हणून लपवते का?

लेकीजवळ नीलचं नाव काढलं तर म्हणाली, "एकच बेट? वेरूळला जाऊन एकच लेणं बघून येता व्हय, बाबा?"

स्वयंपाकघरातून सुमन म्हणाली, "कैलास बघितलं की बस होतं, बाई."

संध्याकाळी सहलवाल्याला फोन करून पाच बेटांचा बेत रद्द केला. आठही दिवस नील. खोली तळमजल्यावर, समुद्राच्या बाजूची.