गाण्यात सांगितलंय तसं

आई, परवा तुझ्या नातीला हळद लागली. इथं कामथडीत, आमच्याच अंगणात, दोन्हीकडची एकाच मांडवात. हे गेल्यापासून मी कुणाच्या हळदीला हात लावलेला नाही, आणि पोरीनं तर हट्टच धरलेला, पहिली हळद आईच लावणार. पाहुण्यांसमोर कुणी काही बोललं तर काय, एवढाच घोर.

मला सारखी तू दिसत होतीस. गुंजवण्यात कुणाचंही लग्न असो, घाणा भरायच्या वेळी गायला तुलाच बोलावणं. सवाष्णी जात्याला हात लावून हळकुंडं दळतायत आणि तू, कोऱ्या कपाळाची, ओट्याच्या कडेला बसून गातेयस: सासूला उलटं बोलू नको, नजर वर करू नको. त्यांना तुझा गळा हवा होता, हात नको. मी एकदा चिडून विचारलं, असलं कशाला गातेस? तू पदर खोचत दटावलंस, "गान्यात सांगितलंय तसं वागावं. लई शानपना करू नगं."

आता गाणी मोबाईलवर येतात आणि पोरी त्यांवर रील काढतात. त्यांतली नवरी स्वतःच्या स्कूटीवरून सासरी जाते, नवऱ्याला भाकरी थापायला लावते. मी नाक मुरडते, पण ऐकते. परवा डीजेवाल्यानं असंच एक लावलं. हल्ली प्रत्येक हळदीत वाजतं. त्यात नवरी म्हणते, कपाळ कोरं असलं म्हणून काय झालं, पहिली हळद माझ्या आईच्याच हातची. पोरीनंच त्याला सांगून ठेवलेलं. माझ्या जाऊबाई पुटपुटल्या, "आपल्यात न्हाई चालत असलं." मी मांडवाच्या खांबाला धरून उभी. तेवढ्यात विहीणबाई उठल्या, हळदीची वाटी माझ्यापुढं धरली आणि म्हणाल्या, "लावा की. गाण्यात काय सांगत्यात, ऐकू येत न्हाई व्हय?"

मला हसूच फुटलं. तुझंच बोलणं, आई, आणि तेही विहिणीच्या तोंडी! मी पोरीला हळद लावली. तिनं डोळे मिटून घेतले होते. मग जाऊबाईसुद्धा नाचल्या. फार बरं वाटलं गं, अजून वाटतंय.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे इथंच, फडताळात. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. बोटांना उरलेली हळद धुवायला मी मोरीत गेले, आणि धुतलीच नाही. माझ्याच गालांना लावली. एक गाल माझा, एक तुझा.