अकरा नंबरचा डबा

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी सिनेमा थिएटरात ऑपरेटर आणि नंतर टेपरेकॉर्डर, व्हिडिओ प्लेअर वगैरेंची दुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी मला तपासले. डोके ठिकाणावर आहे असे त्यांचे मत पडले. हृदयाबद्दल ते तितक्या खात्रीने बोलले नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. वकिलीणबाईंनी दिलेला नमुना दीड पानाचा होता. माझे त्यात भागणार नाही असे मी म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या की कायद्याला जास्तीचा मजकूर चालतो, वाचणाऱ्याला चालला म्हणजे झाले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. निदान कागदावर तरी नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा अरुंद व्हरांडा, मुलीला. मुलाला स्वतःचे घर आहे आणि माझ्या घरातला वास त्याला सोसत नाही हे त्याने मला तीनदा सांगितले आहे. तो वास मशीनच्या तेलाचा आहे. त्याच तेलावर त्याचे शिक्षण झाले, पण ते असो. बँकेतली ठेव दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. बायकोच्या बांगड्या त्यात धरू नयेत. त्या तिने स्वतःच नातीच्या हातात घातल्या, तेव्हा त्यावरून कोणी तोंड उघडू नये.

कलम २. हत्यारे, म्हणजे पकडी, सोल्डरिंगचे सामान, भिंग आणि स्क्रूड्रायव्हरचा संच, बाजारातल्या रेडिओवाल्याला. तो माझ्याकडून घेऊन गेलेल्या वस्तू परत करतो, असा या धंद्यातला तो एकटाच. संचातला लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर मात्र त्याला नाही. त्याचे पुढे येईल.

कलम ३. थिएटर बंद झाले त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीबद्दल मला भिंतीवरचे घड्याळ दिले. ते आठवड्यात बंद पडले. मी गावभरची यंत्रे दुरुस्त केली, हे केले नाही, मुद्दाम. ते त्यांच्या मुलांकडे पोचते करावे. समोरच्या बिऱ्हाडाने नेलेली शिडी मात्र मी सोडून दिली आहे. दुसऱ्याकडे शिडी मागायला जाण्याआधी माणसाने आपल्या घरात काय लपवले आहे ते बघावे, एवढे या वयात समजले.

कलम ४. माझा मेहुणा. हे कलम लांब आहे. वकिलीणबाईंनी कृपया खोडू नये.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, कोपऱ्यावरच्या दुकानात छत्र्या आणि बॅगांच्या चेन दुरुस्त करतो. डावा पाय ओढत चालतो. घरात, गल्लीत, गिऱ्हाइकांतसुद्धा त्याला सगळे हिरो म्हणतात. माझी मुले हिरोमामा म्हणत मोठी झाली. हे नाव चेष्टेचे आहे आणि ते मी ठेवलेले आहे.

बेचाळीस वर्षांपूर्वी तो सिनेमात काम करायला घर सोडून गेला होता. नऊ महिन्यांनी परत आला तो पायाला प्लास्टर घालून. म्हणाला, एका साहसपटात नायकाच्या जागी जळत्या दोरखंडाच्या पुलावरून मी धावलो आणि पलीकडच्या कड्यावर उडी मारली. तोंड दिसणार नाही, पण उडी माझी आहे. कोणाचा विश्वास बसला, कोणाचा नाही. तेव्हाच त्याचे लग्न जुळत आले होते. मुलीचे वडील शाळेत मास्तर होते. ते म्हणाले, चित्रपट लागू द्या, मग बोलू. सहा महिन्यांनी तो लागला, आणि माझ्याच थिएटरला लागला.

ऑपरेटर फुकटात सगळे चित्रपट पाहतो असा लोकांचा समज आहे. मी एकही धड पाहिला नव्हता. मी उजेड पाहायचो, त्या उजेडासाठी यंत्रात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या पाहायचो, रीळ संपत आल्याची पडद्याच्या कोपऱ्यातली खूण पाहायचो. हा चित्रपट चौदा रिळांचा होता. पेटीत चौदा डबे, प्रत्येकाच्या कडेवर खडूने आकडा. त्यातला अकरा नंबरचा डबा वाटेत कुठेतरी आपटला होता आणि झाकण चेपून घट्ट बसले होते. स्क्रूड्रायव्हर घालून चहूबाजूंनी उचकटले असते तर दहा मिनिटांचे काम होते. शुक्रवारी दुपारच्या खेळाला तीस-चाळीस माणसे होती. मला कंटाळा आला. मी दहानंतर बारा लावले.

कोणी ओरडले नाही. दरीच्या अलीकडे असलेला नायक एकदम पलीकडे कपडे झटकत उभा दिसला, तेव्हा थोडे हसू झाले, इतकेच. मग पुढच्या खेळालाही मी तेच केले. एकदा चालून गेले की माणूस त्याची पद्धत करून टाकतो. त्या डब्यात काय आहे हे मला ठाऊक नव्हते. हे खरे आहे, पण माझी बाजू मांडायला ते लिहीत नाही.

रविवारी मेहुणा सगळ्यांना घेऊन आला. सासूबाई, माझी बायको, गल्लीतली चार घरे, ती मुलगी आणि तिचे वडील. स्वतः त्याने तोवर चित्रपट पाहिला नव्हता, सगळ्यांच्या बरोबर बघायचा म्हणून थांबला होता. मधल्या रांगेत बसून तो इकडे तिकडे वळून सांगत होता की आता पूल येईल, आता येईल. खेळ सुटला. लोखंडी जिन्यावर त्याचा पाय ओढल्याचा आवाज आला आणि तो केबिनच्या दारात उभा राहिला.

“भाऊजी, पूल कुठं गेला?”

केबिनमध्ये स्टूल एकच होते आणि त्यावर माझा चहा असायचा. म्हणून मी पत्र्याच्या पेटीवर तो न उघडलेला डबा ठेवून त्यावर बसायचो. तेव्हाही बसलो होतो. त्याने विचारले आणि पूल माझ्या बुडाखाली आहे हे मला त्याच क्षणी कळले. मी पाय जवळ घेतले.

“कापला असेल कंपनीनं,” मी म्हणालो. “आले तेवढे डबे मी लावले.”

त्याने माझ्या पायांकडे पाहिले. मग बरं म्हणाला आणि एकेक पायरी उतरत गेला. खाली फाटकाशी मास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितले की जो उडीबद्दल खोटे बोलतो तो कशाबद्दलही बोलेल. लग्न मोडले. त्याने पुन्हा कुठे जमवू दिले नाही. त्याच दिवशी घरी जेवताना सगळे गप्प होते, आणि ती शांतता मला खाऊ लागली, म्हणून मी पाट सरकवून म्हणालो, “या हिरो, बसा.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. सगळे हसले. माझी बायको हसली, तेव्हा तो ताटावरून उठला.

सोमवार ते गुरुवार तो रोज तिकीट काढून दुपारच्या खेळाला आला. डोअरकीपर वर येऊन सांगायचा की तुमचा मेहुणा आजही मधल्या रांगेत एकटाच बसलाय. मला वाटले, बिचारा स्वतःला शोधतो आहे. तरी मी झाकण उघडले नाही. उघडले असते तर रविवारी ते का उघडले नाही याचे उत्तर द्यावे लागले असते. नोकरी गेली असती. आमची मुलगी तेव्हा पोटात होती, बायकोला सातवा महिना चालू होता. भित्र्या माणसाला कारणांचा तोटा कधी पडत नाही. आठवडा संपल्यावर मी चौदाही डबे पेटीत भरून परत पाठवले. चित्रपट सगळीकडेच पडला आणि पुन्हा कधी लागल्याचे कानावर आले नाही.

चार वर्षांपूर्वी बायको गेली. शेवटच्या दुखण्यात तिने भावाचा हात धरून म्हटले, आता तरी कबूल कर रे, मी रागावणार नाही. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. तो माझ्याकडे बघत होता.

“बरं ताई,” तो म्हणाला. “नव्हती मारली.”

ती समाधानाने झोपली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण मेलो नाही आणि बोललोही नाही.

कलम ५. यंत्र आणि कॅसेट. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी माळा साफ करताना एक जुना व्हिडिओ प्लेअर मला आणून दिला. आत कॅसेट अडकली होती. मी लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. दहा मिनिटे लागली. कॅसेटवर त्याच चित्रपटाचे नाव छापलेले होते. असल्या पडेल चित्रपटाची कॅसेट कोणी काढली आणि कोणी विकत घेतली, देव जाणे.

मी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. आयुष्यात खुर्चीवर बसून पाहिलेला हा माझा पहिला चित्रपट. तो चांगला आहे. हे लिहिताना मला सर्वांत जास्त लाज वाटते. एक तरुण डॉक्टर औषधाची पेटी घेऊन डोंगरापलीकडे निघतो, बरोबर एक तोंडाळ खेचरवाला, आणि त्या दोघांची भांडणे इतकी खरी आहेत की मी एकटा बसून मोठ्याने हसलो. मग पूल येतो. त्याआधीचे सगळे त्या पुलासाठीच आहे. तो काढला की चित्रपटाचे पाणी होते, आणि मी तो आठवडाभर काढला होता.

दोर पेटलेले आहेत. एक माणूस पाठमोरा धावतो. फळ्या मागे पडत जातात. शेवटच्या फळीवर, उडी मारण्याच्या क्षणी, तो उजवा हात मागे नेऊन पँट वर ओढतो. माझा मेहुणा आजही दुकानासमोरचे गटार ओलांडताना अशीच पँट वर ओढतो. पलीकडे पडल्यावर त्याचा डावा पाय दुमडतो. ते दुमडणे अभिनय नाही.

ती उडी मी पुन्हा पुन्हा पाहिली, आणि दहा महिने कोणाला सांगितले नाही. समोरासमोर बोलायची हिंमत नाही म्हणून येथे लिहितो: प्लेअर, कॅसेट आणि लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर माझ्या मेहुण्याला द्यावा. मी गेल्यावर सर्वांना पुढच्या खोलीत बसवावे, कलम चार मोठ्याने वाचावे आणि कॅसेट लावावी.

कलम ६. चार दिवसांनी लिहिलेले. वरील कलम पाचमधील देणगी रद्द समजावी, कारण त्या वस्तू मी त्याला हातोहात दिल्या आहेत. ते असे झाले. साक्षीदार म्हणून मी डॉक्टर आणि मेहुणा यांना सांगून ठेवले होते. वकिलीणबाईंनी कच्चा मजकूर वाचला आणि म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, उद्या शंका काढतात. दुसरा माणूस बघा. म्हणून मी त्याला नको सांगायला दुकानात गेलो. त्याने सहीच्या दिवसासाठी शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

“बरोबर आहे,” तो हसत म्हणाला. “थापाड्याची साक्ष कोण धरणार?”

मी त्याला दुकान बंद करायला लावून घरी आणले आणि कॅसेट लावली. उडी झाली. त्याने ती एकदा मागे घ्यायला सांगितली. पुन्हा पाहिली. मग म्हणाला की पँट ओढल्यावरून दिग्दर्शक फार बोलला होता. त्यावर मी डब्याचे सगळे सांगितले. मला वाटले तो उठून मारेल. मारले असते तर बरे झाले असते. त्याने फक्त विचारले की झाकण काढायला किती वेळ लागला असता. दहा मिनिटे, मी म्हणालो. दहा मिनिटे, तो म्हणाला.

“ताईला तरी सांगायचं होतं, भाऊजी.”

तो वस्तू घेऊन गेला. तीन दिवस मी दुकानावरून गेलो तरी त्याने वर पाहिले नाही. आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि म्हणाला, साक्षीला आलोय, समेटाला नाही. आता त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, तेव्हा त्याची साक्ष चालते. साक्षीदाराला आतला मजकूर वाचावा लागत नाही, पण मी त्याला सगळा वाचायला दिला.

कलम ७. हिरो हे नाव मी परत घेत आहे. माझ्या मुलांनी, नातवंडांनी आणि गल्लीने यापुढे त्याला त्याच्या नावाने किंवा मामा म्हणून हाक मारावी. कलम चार मी जिवंत असतानाच, येत्या रविवारी, सर्वांसमोर मीच वाचणार आहे. त्याआधी मेलो तर मुलीने वाचावे. तिच्या नावावर मी खूप काही झाकले आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून आणि कबूल करून खाली सही करत आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
तारीख: वकिलीणबाईंच्या शिक्क्यात आहे ती. वार मंगळवार, सकाळचे अकरा.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला, कुटुंबाचे डॉक्टर: लिहून देणार शुद्धीवर आहेत. सही माझ्यासमोर केली. (सही)

साक्षीदार दुसरा, लिहून देणाराचा मेहुणा, धंदा छत्री व बॅग दुरुस्ती: मजकूर सगळा वाचला. कलम चारमध्ये एक दुरुस्ती आहे. ते चार दिवस मी थिएटरात स्वतःला शोधायला येत नव्हतो. भाऊजी रविवारी ज्या डब्यावर बसले होते त्याच्यावरचा अकराचा आकडा मी दारातूनच वाचला होता. ते उघडतील म्हणून रोज येऊन बसत होतो. ताईला सातवा महिना होता, म्हणून बोललो नाही. भाऊजींनी आज सही केली, तीही मी पाहिली. (सही)