परवानगी ताईची हवी

प्रिय ताई,

नमस्कार पोचला असं समज. मी वेळेवर जेवतो, हे आईला आवर्जून सांग.

आम्हा विद्यार्थ्यांना एका गाण्याचा व्हिडिओ बनवायचा आहे. त्यासाठी आधी निरनिराळ्या संगीतप्रकारांचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले. गंमत अशी, की रॉकमध्ये कॅमेरा वाद्यांवर रेंगाळतो, तर नाचाच्या गाण्यात दृश्यं भराभर बदलतात.

मग डोळे मिटून, गायकांची नावं न सांगता गाणी ऐकली. त्यांत मी तुझं जुनं गाणं हळूच मिसळलं. आमची खडूस संकलक ताडकन म्हणाली, "हेच घ्यायचं! पण हा प्रकार कुठला रे? आणि ही बाई कोण?"

"विचारून सांगतो," म्हणालो.

प्रकार मी अजून शोधतोच आहे. बाई कोण, हे मात्र तुझ्या परवानगीवाचून सांगणार नाही. घशाच्या शस्त्रक्रियेपासून तू ते गाणं घरात लावू देत नाहीस, हे मी जाणतो. भाऊजी म्हणतात, हल्ली बोलताना त्रास कमी होतो. खरं ना?

नाही म्हणालीस तर दुसरं गाणं घेऊ. मी रुसणार नाही. हो म्हणालीस, तर पडद्यावर तुझं नाव माहेरचं लिहू की सासरचं, तेवढं कळव.

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
धाकटा