सड्यावर रेंज मिळते

१९ ऑक्टोबर २०२०, सोमवार

प्रशिक्षणाचा आदेश आला. वर्गात इंटरॅक्टिव्ह वेब टूल्स कशी वापरावीत. सगळं ऑनलाइन. मला गरज नाही. इब्रामपूरच्या मराठी शाळेत इतकी वर्षं खडूवर निभावलं. पण नव्या शिक्षकांत एखादा अनुभवी माणूस हवा म्हणून माझं नाव घातलं असणार. शेवटी दर तालुक्यातून एक मार्गदर्शक निवडणार आहेत. आमच्या पेडण्यातून कोण, हे उघड आहे.

कमलाक्षीचा पुण्याहून फोन. आमच्या गौरवीच्या बाळंतपणाला गेली ती लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकली. आता गाड्या सुरू झाल्यात, दिवाळीला या, म्हणाली. नातीला अजून मांडीवर घेतलेलं नाही, याचीही आठवण दिली. प्रशिक्षण आहे, जमणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मला एकांत मानवतो. लक्ष लागतं.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज एक टूल.

२० ऑक्टोबर

सव्वासातला उठलो. घरात रेंज नाही. प्लास्टिकची खुर्ची घेऊन सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर गेलो. काजूखाली रेंज येते, मुंग्याही येतात.

शिकवणाऱ्या अर्चना मॅडम पणजीच्या, वयाने लहान, घाईने बोलतात. सारख्या म्हणत होत्या, गौरवी मॅडम, माईक बंद करा, तुमच्याकडून कावळे ऐकू येतात. ही गौरवी ऐकेचना. शिक्षकच असे, तर मुलांचं काय. माझ्याही डोक्यावर कावळे होते, पण मी शांत होतो.

२१ ऑक्टोबर

ती गौरवी मीच. मुलीने दिलेला जुना फोन, तिचंच नाव राहिलंय. बदललं नाही. कसं बदलतात ते माहीत आहे, पण ओळख लपवून निरीक्षण करणं बरं.

पहाटे उठायचं थंडी पडल्यावर.

२६ ऑक्टोबर

आज मॅडमनी जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला सुमंगला टीचर, पेडण्यातल्याच. विषय: मुलांचा सहभाग कसा वाढवावा. त्यांचा कॅमेरा बंद. मी मुद्देसूद मांडणी केली. मग ओघात घरचं निघालं. एकट्याचा चहा करताना पाणी चुकतं, दोन कप होतात. दुसरा मी दुपारी गार पितो. कमलाक्षी दूध उतू जाऊ लागलं की आतून हाक मारायची. आता दूध उतू जातं ते कळतच नाही. सुमंगला टीचरनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. असा श्रोता क्वचित मिळतो.

वेळ संपता संपता आवाज आला. सॉरी हां सर, कुकर लावायला गेले होते, तुम्ही काही म्हणालात का? मी म्हटलं, नाही, काही नाही. त्यांच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

२ नोव्हेंबर

क्विझ तयार झाली. विषय ‘आपला गोवा’. गोवा घटकराज्य कधी झालं, तेरेखोल नदी कुठे मिळते वगैरे. चार पर्याय, रंगीत चौकोन, मागे संगीत. १० तारखेला डेमो. स्वतःच खेळून पाहिली. पहिला आलो.

कमलाक्षीचा फोन. नात धरून उभी राहायला लागली. म्हणाली, शेवटचं विचारते, येणार का. मी म्हटलं, तालुक्याची जबाबदारी अंगावर येणार, निघता येणार नाही.  “तुमका बरा वाटता ता करा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्या कामाचं तिला कौतुक आहे, बोलून दाखवत नाही.

१० नोव्हेंबर, मंगळवार

डेमो. इस्त्रीचा शर्ट. लिंक सगळ्यांना पाठवली, पालकांना, कमलाक्षीलाही. पण मॅडमनी एकाच वेळी सगळ्यांचे डेमो लावले, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्यात. माझ्याकडे बराच वेळ शून्य खेळाडू. मग एक आला. नाव: कमलाक्षी.

मला हसूच फुटलं. भराभर उत्तरं देत होती, बहुतेक सगळी चुकीची. तेरेखोल तिने अरबी समुद्राऐवजी मांडवीत सोडली. एवढी जन्मभर शेजारून वाहते. पण शेवटपर्यंत टिकली. म्हणून आयत्या वेळी एक प्रश्न वाढवला. मी पुण्याला यावं का? हो, नको, दिवाळीनंतर, सांगता येत नाही.

‘नको’वर उत्तर आलं. लगेच. विचारसुद्धा केला नाही.

ठीक आहे. शिकवणं म्हणजे प्रतिसाद स्वीकारणं.

११ नोव्हेंबर

संध्याकाळी मीच फोन लावला. सहज. म्हटलं, नको तर नको, मी कुठे येणार होतो. तिला काही कळेना. कसली क्विझ? काल ती सकाळपासून चकल्या तळत होती, रंग दिसले म्हणून गौरवीने लिंक उघडून फोन नातीच्या हातात दिला होता. ती चौकोनांवर बोटं मारून खिदळत होती म्हणे.

मग यायला हरकत नाही, असं म्हणणारच होतो. बॅगेवरची धूळही झटकली होती. तेवढ्यात ती म्हणाली, तुम्ही येत नाही म्हणून सगळ्यांनी जावयाच्या गावी, कोल्हापूरला जायचं ठरवलंय. उद्या निघणार. घराला कुलूप. तुम्ही काम करा.

मी म्हटलं, छान, छान.

१३ नोव्हेंबर

प्रशिक्षणाचा समारोप. पेडण्यासाठी मार्गदर्शक म्हणून सुमंगला टीचर. कार्यालयात नावांची गफलत झाली असावी. त्यांचं अभिनंदन केलं. माईक बंद होता.

सगळे बाय म्हणून गेले. मी थोडा थांबलो. मग मॅडमनी मीटिंग बंद केली.

१४ नोव्हेंबर, दिवाळी

पाचला उठलो. रात्री नरकासुर जाळणाऱ्या पोरांच्या आवाजाने झोप लागलीच नव्हती. अभ्यंग केलं, पाठीला तेल पोचलं नाही. पोह्यांचे फोव केले. गुळाचे, ताकातले, दोन्ही. शेजारच्या यशोदाबाईंना द्यायला गेलो, त्यांच्याकडे सात प्रकार झाले होते. परत आणले.

खुर्ची घेऊन सड्यावर आलो. कोल्हापूरला फोन लागत नाही. प्रवासाने थकली असतील.

प्रशिक्षणाची जुनी लिंक दाबून पाहिली. चालते. स्क्रीनवर आलं, कृपया थांबा, होस्ट लवकरच तुम्हाला आत घेतील.

थांबलो आहे.