भोकं पडलेल्या पत्र्याची दुर्बीण

चुडावा, रविवार

सुकेशनी अक्कास, धाकट्या धम्मदीपचा मनापासून जय भीम.

आईचे गुडघे सोडले तर इकडं आमी सगळे मजेत हाव. तू जेवायलीस का, की पुण्यात नुसत्या चहावर दुर्बीण राखायलीस? (फोन केला की आई कान लावून बसती, म्हणून पत्र.)

तू मागं फोनवर आईला तुझं काम समजावून सांगितलंस, त्याचा इथं लय घोळ झाला. लांब कुठंतरी तारा फुटतो, गॅमा किरणांचा लोंढा येतो आणि थोड्या सेकंदांत संपतो, हे तिला पटलं. ते किरण भिंगानं वळत न्हाईत, म्हणून वर आकाशातल्या दुर्बिणीवर भोकांचा पत्रा बसवलाय, त्याची सावली कशी पडली त्यावरून दिशा काढायची आणि किरण किती आले ते मोजायचं, हेही पटलं. पण "आई, अगदी आपल्या घरच्या पत्र्यावानी" हे म्हणायची काय गरज होती? (शिकलेल्या माणसानं जरा जपून बोलावं.) आईनं विहारात जाऊन सांगितलं की उपग्रहावर आमच्याच पत्र्याचा नमुना गेलाय. झालं! सूर्यभानकाकांनी पौर्णिमेच्या वंदनेनंतर तुझ्या दुर्बिणीवर माझं भाषणच ठेवलं. मी खुराड्यावरचा जुना पत्रा डोक्यावर घेऊन गेलो आणि अंगणात उन्हात धरला. खाली कवडसे पडले. सूर्य काही माझ्यासाठी सरकणार न्हाई, म्हणून मीच पत्रा सरकवला, तर एक कवडसा नेमका काकांच्या टकलावर. काका उठून उभे राहिले आणि राहिलेल्या केसांना काही अपाय न्हाई ना, म्हणून विचारायले. तिकडं चतुराबाईंची तक्रार, आमच्या घराला ह्याच्यापेक्षा जास्त भोकं हायत, मग आमची सून दुर्बिणीच्या कामावर का घेतली न्हाई?

खरं सांगू अक्का, पत्रा धरल्या धरल्या मला दुसरंच आठवायलं. घरच्या पत्र्यातला कवडसा उंबऱ्यावर आला की आपण शाळेला पळायचो. तू कोळशानं भुईवर खुणा करायचीस, थंडीत कवडसा भलतीकडं जायचा, मग तू परत खुणा करायचीस. सारवण बिघडलं म्हणून मार मात्र मला. लय आठवण आली तुझी. पत्रा खाली ठेवला आणि भाषण तिथंच संपलं. लोकांना वाटलं, विज्ञान एवढंच असंल. टाळ्या वाजवल्या.

तुझा,
धम्मदीप

ता. क. खरं काम राहिलंच. स्लॅब टाकायचा हाय. बजरंग मिस्त्री सळ्या घेऊन दारात बसलाय आणि आई घरावरच्या पत्र्याला हात लावू देईना. दुर्बिणीला आता ह्या पत्र्याची गरज न्हाई, एवढं तिला फोनवर सांग. तुझं ऐकती ती.

आणखी एक. फोन करू नको. लिहिताना आई मागं येऊन उभी राहिली, सगळं वाचून दाखवावं लागलं. हसली. मग म्हणली, "पत्रा तो पत्राच, एवढं मला कळतंय रे. पर तीन वर्सं झाली, पोरगी आली न्हाई. तिचं घर तिला एकदा बघू दे, मग काढा." बजरंगला मी परत पाठवलंय.