वीतभर पदर

अमरावती, श्रावण वद्य ५, शके १७८६

चिरंजीव उत्तमराव यास गोदाबाईचा आशीर्वाद. वि. वि. येथे सर्व, म्हणजे मी एकटी, खुशाल आहे. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून तुला बहीण आठवत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक झालं आहे. असो. गाडीवाल्या नत्थुजीबरोबर तुझ्या भाऊजींचं पिस्तूल पाठवते. रिसाल्यातून ते तापानं गेल्याचा निरोप आला, त्याबरोबर एवढंच घरी आलं. दर दसऱ्याला मी त्याला शेंदूर-तेल लावते आणि ते करायचे तसा घोडा ओढून एक ठिणगी पाडते. गेल्या साली ठिणगी पडली नाही. चांगल्या कारागिराला दाखव. पत्र शेषराव गुरुजींनी लिहून दिलं. माया पातळ होऊ देऊ नकोस.

अकोला, भाद्रपद शुद्ध ९

तीर्थरूप बाईस उत्तमरावचा दंडवत. वि. वि. चंद्रभान लोहारानं पिस्तूल पाहिलं. नळीत गज घातला, मग तोच बाहेरून लावून मापला, तर चार बोटं कमी गेला होता. बाई, पिस्तूल भरलेलं होतं. वीस वर्षं तू देवापुढे भरल्या पिस्तुलाचा घोडा ओढत होतीस. ठिणगी आत जायचं भोक तुझ्या शेंदरानं बुजलं होतं. चंद्रभान म्हणाला, "बाईले सांगा, शेंदरानंच वाचवलं." त्यानं पाणी ओतून दारू भिजवली, गोळी काढली, ती हलू नये म्हणून वर ठासलेली चिंधी भट्टीत टाकली. घोड्याची कमान बदलून ठिणगीसाठी नवी गारगोटी बसवली. आता घासून लख्ख झालं आहे. कापसाच्या कामातून मान वर करता येत नाही, म्हणून नत्थुजीबरोबरच परत धाडतो. राग नसावा, लोभ असावा.

अमरावती, भाद्रपद वद्य ६

चि. उत्तमरावास आशीर्वाद. पिस्तूल पोचलं. इतकं चकचकीत, की दुसऱ्याच कोणाचं वाटतं. ते असू दे. पण ती चिंधी कशाला जाळू दिलीस? ते निघाले त्या पहाटे माझ्या नव्या लुगड्याच्या पदराचा वीतभर तुकडा फाटून गेलेला दिसला. मी घर डोक्यावर घेतलं, त्यांनाच बोलले. ते गप्प राहिले. मी निरोप द्यायला दारापर्यंत गेले नाही. ते रागावून गेले असंच आजवर वाटत आलं. चिंधीचा रंग चंद्रभानला विचार. लुगड्याचा रंग मी लिहीत नाही. लिहिला तर मला बरं वाटावं म्हणून तू तोच सांगशील. मी तुला लहानाचा मोठा केला आहे. आठवण ठेव.

अकोला, आश्विन शुद्ध ४

ती. बाईस दंडवत. चिंधी दारूनं काळी पडली होती, पण चंद्रभाननं ती उलगडली होती. घडीच्या आत रंग टिकला होता म्हणतो. हिरवी, काठाला पिवळी रेघ. कापलेली नव्हती, हातानं फाडलेली होती. यात माझ्या पदरचं काही नाही. लोहाराला थांब म्हणायला हवं होतं, घाईत होतो. चुकलो, बाई. पोटात घे.

अमरावती, आश्विन शुद्ध ११

चि. उत्तमरावास आशीर्वाद. हिरवंच होतं, पिवळ्या रेघेचं. काल दसरा झाला. नव्यानं शेंदूर लावला, घोडा ओढला, ठिणगी चांगली पडली. बघायला कोणी नव्हतं. बोलायचं पुष्कळ आहे, पण ते गुरुजींच्या हातून लिहवत नाही. आताच बिचारे मान खाली घालून बसले आहेत. कापूस दोन दिवस पडून राहील. भाऊबीजेला ये. मी दारात उभी असेन.