तिरपी रेघ

१४ ऑक्टोबर, सोमवार
सायकलच्या दुकानातून, दुपारी

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. आई बरी आहे, फक्त गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याबरोबर तीही. दुकानाचं छप्पर गळत होतं, ते मीच वर चढून बुजवलं. तुझ्या पायाचं कसं आहे? वहिनींना सांग, त्यांनी विणलेली लोकरीची टोपी काल फार उपयोगी पडली. कुठे, ते पुढे येईलच, आणि ते वाचून तू भडकशील. तेव्हा आधी पाणी पिऊन घे.

तू पाठवलेला भंगारवाला शुक्रवारी येऊन गेला. तुझी निळी सायकल न्यायला. त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. "अहो, तुमच्या भावानं सांगितलंय," म्हणाला. मी म्हटलं, "त्यानं सांगितलं, मी ऐकलं. आता तुम्ही निघा."

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सायकल मोडीत घाल, दुकान बंद कर, आणि त्या पठारावर या जन्मात पाऊल टाकू नकोस. दादा, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. रोज सकाळी हे शटर मी एकटी उचलते. मला जा-येची परवानगी लागत नाही, आणि तुझ्या काळजीला हुकमाचा वास येतो.

तर काल मी गेले. निळ्या सायकलवरून, एकटी, त्याच वाटेनं.

पहाटे साडेपाचला निघाले. पाव, चार उकडलेली अंडी, पंप, दोन ट्यूब, पान्यांची पिशवी. आई दारात उभी राहून म्हणाली, "जायचंच ठरवलंयस तर निदान पोटभर खाऊन जा." पहिला चढ तुला आठवतो? खडी तशीच सुटी आहे. मधल्या टप्प्यात उतरून ढकलली, खोटं कशाला सांगू. टायरमधली थोडी हवा सोडली, मग दगडांवर पकड आली. नऊच्या सुमारास वर पोचले. चहूकडे पिवळं गवत, कातळ, पाणथळ, आणि एकही घर नाही. वारा असा की तोंड उघडलं तर दात गार पडावेत. वहिनींची टोपी तिथे कामी आली.

तळ्याजवळ एक मेंढपाळ भेटला. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाला, "बाई, वाट चुकलात का?"

"नाही हो. चांगली पाठ आहे."

"एकट्याच?"

"सायकल आहे की."

तो हसला. त्याच्या कुत्र्याला मात्र ते पटलं नाही. अर्धा किलोमीटर माझ्या टाचेमागे भुंकत आला. चढावर मी इतक्या वेगानं कधीच गेले नव्हते.

तळ्यानंतर तो उतार. त्याच्या तोंडाशी मी वीस मिनिटं उभी होते. पुढचा ब्रेक दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला. नवी वायर आहे, नवा नट आहे. तरी पाय पेडलवर ठेववेना. कारण भीती पडण्याची नव्हती.

आता लिहितेच. चार पानं फाडून झाली आहेत, हे पाचवं.

बाबांचा नियम आपल्या हाडांत मुरलेला. नट आवळणाऱ्यानं खडूची उभी रेघ ओढायची. दुसऱ्यानं पाना लावून बघायचं आणि तिच्यावर तिरपी ओढायची. दोन्ही रेघा असल्याशिवाय सायकल उंबरा ओलांडणार नाही. तू पठारावर निघायच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या सायकलची ब्रेकची वायर मी बसवली. तिचा नट नुसता बोटांनी फिरवला होता, पाना नंतर लावू म्हणून. तेवढ्यात तू म्हणालास, "उद्या तू घरीच थांब, तुझ्यामुळे मला दर वळणावर थांबावं लागतं." मला इतका राग आला, दादा. तुझी वाट बघायला नको आणि तुझी तपासणीही नको असं वाटलं. मी उभी रेघ ओढली आणि तिरपीही मीच ओढली. पाना राहिला तो राहिलाच.

त्याच संध्याकाळी तू दुकानातल्या सहा सायकली तपासल्या होत्यास. सकाळी तिरपी रेघ दिसली, तेव्हा तुला वाटलं हीसुद्धा आपणच बघितली. आणि त्या उतारावर नट सुटला, ब्रेक लागलाच नाही.

दवाखान्यात तू शुद्धीवर आल्यावर पहिलं हेच विचारलंस, "रेघा होत्या का गं?" मी म्हटलं, "दोन्ही होत्या." तू डोळे मिटलेस. त्या दिवसापासून चार वर्षं तू स्वतःला दोष देतोयस. स्वतःच्या हाताचा भरवसा गेला म्हणून पाना सोडलास, गाव सोडलंस. आणि मी तुला ते करू दिलं. तुझा पाय माझ्यामुळे गेला. याला दुसरा शब्द नाही, आणि मी शोधणारही नाही.

काल उतार सायकलवरूनच उतरले. पूर्ण. तू पडलास त्या कातळाशी थांबले आणि मोठमोठ्यानं रडले, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून मनसोक्त. मग उरलेली अंडी खाल्ली आणि पुढे निघाले. परतताना एक पंक्चर झालं, काढलं. संध्याकाळी सहाला घरी. आज जिना उतरताना रेलिंग सोडवत नाही.

तुला चिडायचं तर चीड. बोलू नकोस, तोंड बघू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण माझ्या गुन्ह्याची शिक्षा सायकलला देऊ नकोस. तिची काही चूक नव्हती आणि तुझीही नव्हती. दुकान मी बंद करणार नाही. तुला ते पाडायचं असेल तर स्वतः ये आणि माझ्या देखत पाड.

काल निघताना नट पान्यानं आवळला, तीनदा बघितला, आणि उभी रेघ ओढली. तिरपीची जागा मोकळी सोडली. आई म्हणाली, "मी ओढू का?" मी नको म्हटलं. बाबांचा नियम मोडून एकाच रेघेवर उंबरा ओलांडला, हेही तुला कळलेलं बरं.

पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. तू आलास तर पाना तुझ्या हातात देईन. नाही आलास तरी जाईनच. पण तुझी रेघ मी पुन्हा कधी ओढणार नाही.

तुझी,
उभ्या रेघेची
धाकटी